पांढऱ्या रस्त्यांचा कैवार

एखादा रस्ता डांबरी नाही, एवढ्या एकाच कारणावरून त्या रस्त्याला, त्याच्या काठच्या गावाला आणि गावातल्या माणसांनाही मागासलेले ठरवून मोकळे होण्याची सवय आपल्या सुशिक्षित वर्गाला, विशेषतः नोकरीनिमित्त परप्रांतात वावरणाऱ्या आपल्या अधिकारीवर्गाला, फार दिवसांपासून जडलेली आहे. तिच्या जोडीला दुसरी सवय सायकलीविषयीची. सायकल हे शाळकरी मुलांचे, दूधवाल्याचे, फार तर पोस्टमनचे वाहन. बढतीची पहिली पायरी चढताच ते अडगळीत टाकावयाचे, असा आपला संकेत. ज्या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, तेथून वर आलेली माणसेही हा संकेत निमूटपणे पाळतात. ह्या दोन्ही सवयी केवळ चुकीच्या आहेत असे नव्हे, तर ज्यांच्या हाती जिल्ह्याजिल्ह्यांचे रस्ते आहेत त्यांच्या बाबतीत त्या अपायकारक आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ इटलीतील सिएना जिल्ह्याचा दाखला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

इटलीचाच दाखला घेण्याचे कारण असे की, तो देश आपण पाहिला आहे असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. दर पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या मंडळात युरोपदर्शन करून आलेल्या एखाद्या दांपत्याचा सचित्र कार्यक्रम होतो. रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा कलता मनोरा आणि व्हेनिस हे सर्व चार दिवसांत उरकलेले असते. फ्लॉरेन्स आणि रोम ह्यांच्या मध्ये जो देश पसरला आहे त्याचे काय, असे विचारले तर उत्तर मिळते की, तेवढ्या वेळात बसमध्ये अंताक्षरी चालली होती. एका सद्‌गृहस्थांनी मात्र खिडकीतून पाहिले होते. त्यांचा शेरा असा की, “खेड्यांतले रस्ते तिकडे अजून कच्चेच आहेत हो!” ह्या शेऱ्याचा समाचार घेणे हेच ह्या लेखाचे प्रयोजन आहे.

ते रस्ते कच्चे आहेत, ही गोष्ट खरी. सिएनाच्या उत्तरेस कियान्तीच्या द्राक्षमळ्यांतून, आग्नेयेस क्रेते सेनेझी ह्या चिकणमातीच्या उघड्या टेकड्यांतून आणि त्यापुढे वाल दोर्चा ह्या ओर्चा नदीच्या खोऱ्यातून चुनखडीच्या खडीचे रस्ते धावतात. उन्हात ते पांढरेफेक दिसतात, म्हणून त्यांना तिकडे ‘स्त्रादे ब्यांके’, म्हणजे पांढरे रस्ते, असेच नाव आहे. परंतु कच्चा रस्ता आणि हेळसांड झालेला रस्ता ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. ज्याने रस्त्याच्या कामावर चार पावसाळे काढले असतील त्याला हा भेद सांगावा लागत नाही. खडीच्या रस्त्याला मधोमध उंचवटा राखावा लागतो, दोन्ही बाजूंची गटारे वेळेवर उपसावी लागतात, पाऊस होऊन गेल्यावर पृष्ठभाग पुन्हा सारखा करावा लागतो. हे सर्व तेथे होते. उलट, आपल्याकडील कित्येक डांबरी रस्त्यांवर डांबर हे केवळ अंदाजपत्रकापुरतेच उरलेले असते. त्यांना आपण पक्के म्हणतो आणि त्यांना कच्चे!

ह्या रस्त्यांवरून प्रस्तुत लेखकाने सेवानिवृत्तीनंतर, मे महिन्यातले आठ दिवस, सायकलीवरून प्रवास केला. त्यात पराक्रम काही नाही. दिवसाकाठी चाळीस-पन्नास किलोमीटर, चढावर उतरून हातात धरलेली सायकल आणि दुपारी झाडाखाली तास-दीड तास विश्रांती, एवढाच तो प्रवास. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी आता विजेवर चालणारी सायकलही मिळते. सिएनाहून अशानोपर्यंतच्या पंचवीस-सव्वीस किलोमीटरांत मोटारी इतक्या थोड्या भेटल्या की, त्या मोजण्याचाच एक खेळ झाला. हिरव्या गव्हात तांबडी पॉपीची फुले, टेकडीच्या माथ्यावर एखादे दगडी घर आणि त्याच्याकडे जाणारी सायप्रसची रांग. कानांवर येतो तो स्वतःच्या टायरखाली करकरणाऱ्या खडीचा आवाज आणि कोठूनशी कोकिळेची हाक.

वर्णन येथेच थांबवतो, कारण मुद्दा सौंदर्याचा नाही, ज्ञानाचा आहे. ‘दुरून डोंगर साजरे’ ही आपली म्हण बसमधल्या प्रवाशाला तंतोतंत लागू पडते. बुऑनकोन्व्हेंतो हे गाव व्हिया कास्सिया ह्या पुरातन राजमार्गावर, सपाटीवर वसलेले आहे. तेथून मोन्ताल्चीनो सुमारे चौदा किलोमीटर दूर आणि चारशे मीटर उंच. बसला ही उंची कळत नाही. फार तर चालकाचा हात एकदा गिअरकडे जातो. सायकलस्वाराला मात्र ती तासभर पायांनी मोजावी लागते, आणि ती मोजता मोजता इतिहास उलगडू लागतो. इ. स. १३१३ मध्ये सम्राट सातवा हेन्री फौजेसह निघालेला असता बुऑनकोन्व्हेंतोलाच का मरण पावला? कारण फौजा जातात त्या सपाटीच्या राजमार्गाने. आणि १५५५ मध्ये सिएना शहर सम्राटाच्या व फ्लॉरेन्सच्या सैन्यापुढे शरण गेल्यावरही तेथल्या प्रजासत्ताकाच्या अभिमान्यांनी आणखी चार वर्षे, १५५९ पर्यंत, झुंज चालू ठेवली ती मोन्ताल्चीनोलाच का? तो चढ ज्याने घाम गाळून चढला आहे त्याला हा प्रश्न पडतच नाही. जो सह्याद्रीचा एखादा तरी गड पायी चढला आहे, त्याला तर ही गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. भूगोल इतिहासाला कसा घडवितो हे ग्रंथांत वाचता येते. पण पटते ते पायांना.

आता पूर्वपक्षाकडे वळू. पहिला आक्षेप वजनदार आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. आक्षेपक म्हणतात: ज्या शांततेचे तुम्ही गोडवे गाता ती स्मशानशांतता आहे. ते रस्ते शांत आहेत, कारण त्या रस्त्यांवरची माणसे निघून गेली. ह्यात पुष्कळ तथ्य आहे. टस्कनीच्या ह्या टेकड्यांवर शतकानुशतके अर्धेलीची पद्धत चालू होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, उत्पन्न निम्मेनिम्म. तिला तिकडे ‘मेझ्झाद्रिया’ म्हणत. प्रत्येक जमिनीच्या तुकड्यावर कुळाचे एक घर, आणि घराघरांना जोडणारा रस्ता. एवढ्या विरळ वस्तीत रस्त्यांचे इतके दाट जाळे का, ह्याचे उत्तर येथे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० आणि १९६०च्या दशकांत, ही कुटुंबे अर्ध्या वाट्याला आणि मालकाच्या कारभाऱ्याला कंटाळून कारखान्यांकडे आणि शहरांकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी झाली. १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या करारांत बदलण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडील कूळकायद्याचा ज्यांनी अंमल केला आहे त्यांना ह्या दोन तारखांमधले अंतर पुष्कळ काही सांगून जाईल. घरे ओस पडली. ओस घरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर डांबर कोण घालणार?

म्हणजे ही शांतता मुळात कोणी हौसेने निर्माण केलेली नाही, हे मान्य. पण म्हणून आक्षेप सिद्ध होत नाही. कोणतीही वस्तू कशी उत्पन्न झाली ह्यावरून तिचे पुढे काय करावे हे ठरत नसते. ओस पडलेल्या मुलखाच्या नशिबी तीन गोष्टी येऊ शकत होत्या. एक, घरे ढासळून रान माजणे. दोन, रस्ते डांबरी व रुंद करून टेकड्या बंगलेवाल्यांना विकणे. तीन, आहे ते राखून त्याला नवे काम देणे. पहिल्या दोन गोष्टी आपोआप होतात, आणि त्या मुलखात काही ठिकाणी झाल्याही. तिसरीला माणसे लागतात, कायदे लागतात आणि बराच काळ भांडावे लागते.

भांडणाऱ्यांपैकी एकाचे नाव येथे घेतले पाहिजे. ज्यांकार्लो ब्रोच्ची ह्या गृहस्थांनी १९९७ साली कियान्तीमधील गाईओले ह्या लहानशा गावातून पांढऱ्या रस्त्यांवरची एक सायकलफेरी काढली. तिचे नाव ‘लेरॉइका’, म्हणजे वीरांची फेरी. पहिल्या वर्षी ब्याण्णव जण आले. हेतू दुहेरी होता: एक काळ सायकलशर्यती धुळीच्या रस्त्यांवरच होत, त्याची स्मृती जागवावी, आणि उरलेले पांढरे रस्ते डांबराखाली गाडले जाऊ नयेत म्हणून लोकमत तयार करावे. ह्या फेरीत १९८७ पूर्वीच्या घडणीच्याच सायकली चालतात, हा नियम काहींना पोरकट वाटेल. पण पोरकट वाटणाऱ्या गोष्टींनी कधी कधी मोठी कामे होतात. आज हजारो लोक त्या फेरीला येतात, तिच्या सुमारे दोनशे किलोमीटरांच्या मार्गावर कायमचे दिशादर्शक फलक लागले आहेत आणि वर्षाच्या कोणत्याही दिवशी कोणालाही त्या मार्गाने जाता येते. २००७ पासून तर व्यावसायिक सायकलपटूंची एक मोठी शर्यत ह्याच रस्त्यांवरून धावून सिएनाच्या काम्पो चौकात संपते. ज्या रस्त्याला उद्या डांबर फासले गेले असते तो आता जिल्ह्याचे भूषण झाला आहे.

शर्यतीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. शर्यतीने रस्त्यांना कीर्ती दिली हे खरे. पण रस्त्यांचा खरा उपयोग शर्यतीत नाही. शर्यतीतल्या माणसाला पुढच्याचे चाक दिसते. गाव दिसत नाही. आपल्याकडील तरुण आता महागड्या सायकली घेऊन पहाटे महामार्गावर ताशी किती किलोमीटर गेलो ह्याचे आकडे एकमेकांना कळवितात. ही व्यायामाची एक रीत झाली. तिला माझा विरोध नाही. पण तिला प्रवास म्हणू नये. जो विहिरीजवळ थांबत नाही, जो वाट विचारीत नाही, त्याने घरातच बसून पायडल मारले तरी चालण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप असा की, धूळ शेतकऱ्याच्या नाकात जाते आणि मौज पाहुण्याची होते. डांबरी रस्ता मागण्याचा हक्क तेथल्या रहिवाशाला नाही काय? अवश्य आहे. त्या मुलखात कित्येक ठिकाणी वस्तीसमोरचा तेवढा तुकडा डांबरी केलेला दिसतो, तो ह्याच हक्काची कदर म्हणून. जड वाहतुकीला व्हिया कास्सिया आहे, द्रुतगती मार्ग आहेत. रुग्णवाहिका आणि दुधाची गाडी अडून राहत नाही. सगळे रस्ते पांढरेच ठेवा, असे कोणी म्हणत नाही. वाद आहे तो ‘सगळे रस्ते एकाच मापाचे करा’ ह्या हट्टाशी. घरात दिवाणखाना असतो, माजघर असते, परसूही असते. सगळ्यांना एकच फरशी बसवून ‘घर सुधारले’ असे कोणी म्हणत नाही. मग जिल्ह्याच्या बाबतीत तसे का म्हणावे?

तिसरा आक्षेप आपल्या मंडळींच्या विशेष आवडीचा: हे सर्व श्रीमंत गोऱ्या लोकांचे चोचले आहेत. ह्याला उत्तर देण्यासाठी त्याच मुलखातल्या एका दुसऱ्या गावाकडे पाहावे. सान जिमिन्यानो हे मनोऱ्यांचे गाव आपल्या सहलवाल्यांच्या यादीत हटकून असते. मोठ्या बसमधून चाळीस-पन्नास माणसे वेशीबाहेर उतरतात, तास-दीड तास अरुंद गल्ल्यांतून रेटारेटी करतात, छायाचित्रे घेतात, थंडगार आइस्क्रीम खातात आणि निघून जातात. गावाला राहते ती गर्दी आणि कचरा. व्हेनिसवर तर दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेण्याची पाळी आली. ह्याच्या उलट सायकलस्वार. तो सामानासकट शंभर किलोच्या आसपास. त्याला दिवसभरात दोनदा पाणी लागते, दुपारी भाकर-चीज लागते आणि संध्याकाळी निजायला जागा लागतेच, कारण त्याला परत जाता येत नाही. जेथे बस थांबत नाही तेथेच तो थांबतो. चोचलाच म्हणावयाचा तर ह्या दोहोंपैकी कोणाचा मोठा?

शिवाय ह्या निजण्याच्या जागेमागे एक कायदा आहे, तो अधिकारी वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. शेतावर पाहुणे ठेवण्याच्या धंद्याला इटलीत १९८५ च्या कायद्याने मान्यता दिली, पण अट अशी घातली की, यजमान हा शेतकरीच असला पाहिजे आणि पाहुणचार हा शेतीला पूरक असला पाहिजे. शेती सोडून नुसती खानावळ काढता येणार नाही. एवढ्या एका अटीमुळे पाहुण्याचा पैसा नांगराच्या मदतीला आला. ज्या घरी मी दोन रात्री उतरलो तेथे सकाळी पाव, चीज आणि मध टेबलावर ठेवून यजमान ट्रॅक्टरवर निघून जात. त्यांना माझ्याशी गप्पा मारायला वेळ नव्हता, आणि त्याचा मला आनंदच झाला.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. असे देखावे ‘निसर्गाची देणगी’ असतात, आपल्या नशिबी ते नाहीत, असे म्हणून उसासा टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वाल दोर्चाच्या ज्या नागमोडी, सायप्रसवेष्टित रस्त्याचे चित्र जगभरच्या दिनदर्शिकांवर झळकते, तो ला फोचे येथील रस्ता प्राचीनही नाही आणि नैसर्गिकही नाही. आयरिस ओरिगो ही लेखिका आणि तिचे पती ह्यांनी १९२४ मध्ये तेथली उजाड जमीन विकत घेतली. धुपलेल्या मातीवर बांध घातले, शेते काढली, रस्ते आखले आणि झाडे लावली. त्या खोऱ्याला युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारशात घातले ते माणसाच्या हातची करणी म्हणूनच. सिएनाने १९६०च्या दशकातच जुन्या शहराच्या मध्यभागी मोटारींना मज्जाव केला, तोही ठराव करून, आपोआप नव्हे. वाहनाने सायकलस्वाराला ओलांडताना शक्य तेथे दीड मीटर अंतर राखावे, हा नियम इटलीने केला तो अगदी अलीकडे, २०२४ मध्ये. शांत रस्ता पावसासारखा आकाशातून पडत नाही. तो आखावा लागतो, राखावा लागतो आणि त्याच्यासाठी कोणाला तरी नाही म्हणावे लागते.

हे नाही म्हणण्याचे काम कोणाचे? येथे सिएनाच्याच एका चित्राची आठवण देतो. तेथल्या नगरभवनात, ज्या दालनात शहराचे नऊ शासक बसून कारभार करीत, त्या दालनाच्या भिंतींवर अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती ह्या चित्रकाराने १३३८ - ३९ मध्ये सुराज्याची आणि कुराज्याची फळे रंगविली. सुराज्याच्या चित्रात त्याने काय काढले? अर्धी भिंत शहर, आणि अर्धी भिंत शहराच्या वेशीतून बाहेर पडणारा रस्ता. रस्त्यावर धान्याची पोती लादलेली जनावरे आहेत, डुकराला हाकीत बाजाराला निघालेला शेतकरी आहे, शिकारीला निघालेले सरदार आहेत. कोणी कोणाला खाली ढकलीत नाही. वर आकाशात सुरक्षितता ही देवता, हाती लेख घेऊन, प्रत्येकाने निर्भयपणे वाट चालावी असे बजावते आहे. समोरच्या कुराज्याच्या भिंतीवर शेते उजाड आहेत आणि रस्त्यावर भय पहारा देत आहे. म्हणजे पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने राज्य चांगले की वाईट हे मोजण्यासाठी खजिना घेतला नाही, फौज घेतली नाही. रस्ता घेतला, आणि त्या रस्त्यावर सर्वांत दुबळा माणूस कसा चालतो ते पाहिले.

ह्या कसोटीला आपला कोणता जिल्हा उतरेल? आपण ज्या प्रांतात नेमलेले असतो तेथली भाषा आपली नसते, माती आपली नसते; म्हणून तर रस्त्यावर उतरण्याची गरज आपल्याला इतरांहून अधिक. पण आपली तपासणी मोटारीच्या काचेआडून होते, सरबराई विश्रामगृहात होते आणि अहवाल लघुलेखकाला सांगून होतो. ह्यालाच आपल्या भाषेत उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात. मग रुंदीकरणाचा प्रस्ताव येतो, त्यात दुतर्फा झाडांची संख्या एका रकान्यात असते आणि सायकलने शाळेला जाणाऱ्या मुलींची संख्या कोणत्याच रकान्यात नसते. सही होते. पुढल्या उन्हाळ्यात सावली गेलेली असते आणि वेग वाढलेला असतो. आणि त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात तोच अधिकारी सहकुटुंब युरोपला जाऊन तेथल्या सावलीच्या रस्त्यांची छायाचित्रे घेऊन येतो!

माझे मागणे फार नाही. नोकरी सोडून इटलीला जा, असे मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यातला जो रस्ता रुंद करावयाचा प्रस्ताव टेबलावर आहे, त्या रस्त्याने एकदा, शिपाई आणि पट्टेवाला बरोबर न घेता, सायकलीवर बसून जावे. पाण्यासाठी कोठे थांबता येते, सावली कोठवर आहे, मागून ट्रक आला म्हणजे खाली उतरायला साइडपट्टी आहे की नाही, हे पाहावे. मग रुंदीकरण आवश्यकच वाटले तर खुशाल सही करावी. सिएनाचे ते नऊ शासक दोन महिन्यांच्या मुदतीसाठी निवडले जात आणि तेवढे दोन महिने त्यांना, सणावारांखेरीज, नगरभवनाबाहेर पाऊल टाकता येत नसे. रस्ता त्यांना भिंतीवरच पाहावा लागे. आपल्याला तसे कोणी कोंडून ठेवलेले नाही.